घरापुढची हिरवी टिक

माझ्या कामात दिवसभर एकच प्रश्न विचारावा लागतो: आहे का? ऑर्डर आहे, तिचा ग्राहक आहे का? विद्यार्थी आहे, त्याचा वर्ग आहे का? नसेल तर कॉम्प्युटरच्या भाषेत तिथे 'नल' असतो, म्हणजे काहीही नाही, आणि त्या नलला हात लावला की प्रोग्राम आडवा होतो. म्हणून आम्ही आधी विचारतो आणि 'आहे' असं उत्तर आलं की मगच पुढे सरकतो. इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारत आले आणि आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवत आले. तो विश्वास ज्या शिमग्यात गेला, त्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. त्यात कॉम्प्युटर थोडा आहे आणि माझा चुलतभाऊ पुष्कळ.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून करते. वडिलांच्या आजारपणात आले आणि मग परत जायचं राहूनच गेलं. पडवीच्या एका कोपऱ्यात नेटवर्क धड येतं, तिथे माझं टेबल आहे. वाडीतल्या बायकांच्या मते मी दिवसभर खुर्चीत बसून स्वतःशी इंग्रजीत भांडते, आणि ते फारसं चुकीचं नाही. घरात आई आणि मी. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे, उतारावर खाली, काकांचं घर. आता काका नाहीत. त्यांचा मुलगा, वहिनी आणि त्यांची मुलं राहतात.

हा मुलगा म्हणजे दादा. माझ्याहून थोडाच मोठा. आम्ही एकाच एसटीने शाळेत गेलो, एकाच वहाळात पोहायला शिकलो. मला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवायचं की नाही यावरून घरात तोंडं फिरली होती, तेव्हा माझ्या वडिलांशी माझ्या बाजूने भांडला तो दादा. वडील गेले तेव्हा अग्नी त्यानेच दिला. आईची औषधं तोच आणतो, आमच्या कलमांचे आंबे तोच उतरवतो. तो आईला 'मोठी आई' म्हणतो आणि आई सगळ्यांना सांगते, हा माझा मुलगा. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून हा माणूस पहिल्यापासूनच तसा होता असं वाटायचं. तो तसा नव्हता, आणि मला लागलं ते त्यामुळेच.

आमच्याकडे शिमगा मोठा. गणपतीपेक्षाही मोठा म्हटलं तर गणपतीही रागावणार नाही. ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते, सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यावर, येऊन बसते आणि तिथून वाडीवाडीतल्या घराघरात जाते. एरवी आपण देवीकडे जातो, शिमग्यात देवी आपल्याकडे येते. आपल्या घरी ती ज्या दिवशी येणार त्या दिवसासाठी मुंबईचे चाकरमानी वर्षभर रजा साठवतात. खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवतात, रांगोळी काढतात. पालखी खळ्यात टेकते, गावचे मानकरी त्या घराच्या प्रमुखाचं नाव घेऊन देवीला गाऱ्हाणं घालतात, जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात आणि घरची बाई देवीची ओटी भरते.

आमच्या घरात ती ओटी आईने भरायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. तशी आई देवभोळी नाही. उपासतापास तिला झेपत नाहीत आणि पोथी वाचताना तिला झोप लागते. पण ओटीचा खण आणायला ती स्वतः रत्नागिरीच्या बाजारात जायची, दुकानदाराला दहा खण उलगडायला लावायची, आणि त्याचा चेहरा पडला की म्हणायची, ती वर्षातून एकदा येते, तिला काय उरलंसुरलं द्यायचं? ओटी भरताना ती पालखीत वाकून देवीशी काहीतरी बोलायची. काय बोललीस असं लहानपणी विचारलं की म्हणायची, आमचं बायकांचं असतं काहीतरी. वर्षभर जे कोणाशी बोलता येत नाही ते ती तिथे बोलत असावी.

वडील गेले त्या वर्षी पालखी घरी घेतली नाही, ते रीतीप्रमाणेच होतं. पुढच्या वर्षी माघ महिन्यापासूनच आईने मला विचारायला सुरुवात केली.

"यंदा येईल ना गो पालखी?"

"येईल की. न यायला काय झालं?"

"नाय, म्हंजे आता मी ओटी भरलेली चालेल ना?"

कुठल्याशा बारशाला गेली असताना एक बाई तिला म्हणाली होती, आता ओटी सुनेच्या हातून भरून घ्या. आम्हाला सून नाही हे त्या बाईला चांगलं ठाऊक होतं. मी भडकले. देवी काय कपाळावरचं कुंकू बघायला येते का, असं काहीबाही बोलले. आई शांतपणे म्हणाली, "देवी नाय बघत. माणसं बघतात." मग भांडी घासायला गेली. तिला दुसरं काही नको होतं. आपल्या खळ्यात, आपल्या हाताने, एवढंच हवं होतं.

आता कॉम्प्युटर. त्याच्या दोन शिमगे आधी गावच्या मंडळाने मला एक काम सांगितलं होतं. पालखीची वेळ कधी ठरल्याप्रमाणे राहत नाही. एखाद्या खळ्यात पोरं नाचायला लागली की दोन घरांचा वेळ तिथेच जातो आणि मुंबईची माणसं फोन करून करून डोकं उठवतात. म्हणून मी एक साधी साइट केली. त्यात घरं पालखीच्या क्रमाने, प्रत्येक घराचा प्रमुख, आणि पालखी आत्ता कुठे आहे ते. पालखीबरोबरचा एक जण घर झालं की मोबाईलवर बोट ठेवणार आणि पुढचं नाव वर येणार. लोकांना हे फारच आवडलं. पूर्वी क्रम तोंडपाठ असलेली माणसं थकली, आता खांदा द्यायला निम्मी पोरं मुंबईहून येतात, त्यांना कुठलं घर कोणाचं ते कळत नाही. ती मोबाईलच्या मागे चालायला लागली.

पहिल्या वर्षी एका घराची माहिती अर्धवट भरली गेली आणि त्यापायी सगळी यादीच उघडेना. मंडळ म्हणालं, एका घरासाठी सगळा गाव का अडवायचा? तेवढं घर गाळ आणि पुढे जाऊ दे. म्हणणं रास्त होतं. एखाद्या घराशी गडबड झाली तर ते सोडून बाकीची यादी दाखवायची, अशी सोय मी केली. माहिती भरायचं काम मंडळाच्या वतीने दादाकडे होतं. मंडळासाठी मी एक वेगळं पान केलं होतं, त्यात ज्या घराला प्रमुख नोंदलेला आहे त्या घरापुढे हिरवी टिक दिसायची. प्रमुखाची जुनी नोंद पुसून नवी घालायचीही सोय होती.

वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी दादाला म्हटलं, "आमच्या घराला आईचं नाव घाल." मला स्वतःलाही ते करता आलं असतं, पण गावाच्या माहितीत आपण आपल्याच घरासाठी हात घालायचा हे बरं दिसत नव्हतं. तो म्हणाला, "हो, घालतो." आठवड्याने विचारलं, "घातलंस का?" म्हणाला, "अगो झालं कवाच." मी मंडळाचं पान उघडून पाहिलं. आमच्या घरापुढे हिरवी टिक होती. आईला जाऊन सांगितलं, तुझ्या नावाने पालखी येणार आहे. दुसऱ्याच दिवशी ती बाजारात खण आणायला गेली आणि मला सोबत घेऊन गेली. तिथे तिने एक हिरवा घेतला, मग तो परत करून जांभळा घेतला, मग एसटी सुटायच्या आत परत जाऊन पुन्हा हिरवाच घेतला.

आमच्या वाडीचा दिवस आला. आईने पहाटेच खळं सारवलं होतं. ताटात नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सगळं मांडून वर रुमाल टाकला होता. ढोल वरच्या वाडीतून खाली यायला लागला तसे आम्ही दारात येऊन उभ्या राहिलो. पाखाडीच्या पायऱ्यांवरून पालखी डुलत डुलत आली. पुढे मोबाईल हातात धरलेलं एक मुंबईचं पोरगं होतं. ते आमच्या खळ्याच्या तोंडाशी थांबलं, मोबाईल बघितला आणि म्हणालं, "खालचं घर, खालचं." आणि पालखी खाली गेली. पालखीच्या पुढच्या दांड्याला डावीकडे दादाचा खांदा होता. त्याची नजर पायऱ्यांवर होती. त्या पायऱ्या त्याला जन्मापासून पाठ आहेत.

आईला वाटलं, खालून परत वर येईल. ती उभीच राहिली. दादाच्या खळ्यात ढोल वाजत होता, पोरं नाचत होती. आमचं घर मोठ्या भावाचं, म्हणून आजवर पालखी आधी आमच्याकडे टेकायची आणि मग त्याच्याकडे. यंदा पहिल्यांदा ती थेट त्याच्याकडे टेकली आणि तिथेच रमली. मग ढोलाचा आवाज पुढच्या वाडीकडे सरकला. मी आईला म्हटलं, आत चल. ती म्हणाली, "थांब जरा." ढोल ऐकू येईनासा झाल्यावर ती आत आली आणि ताटावर रुमाल परत नीट टाकला.

संध्याकाळी दादा आला. कपाळाला गुलाल तसाच. आईजवळ बसला आणि म्हणाला, "मोठ्या आई, नाव यादीत आलंच नाय. मोबाईलनं घेतलंच नाय आपलं घर. आता पोरं मोबाईल बघूनच चालतात, मी मागून बोंबललो तरी ढोलात ऐकणार कोण?" आणि माझ्याकडे बघून, "बघ गो काय झालंय तुझ्या साइटला." आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी सहन केलं असतं. ती फक्त म्हणाली, "सगळ्या गावाचं घेतलं, आपलंच नाय घेतलं?"

मला जेवण गेलं नाही. सकाळ होताच मी पडवीत बसले. आमच्या घरापुढे मंडळाच्या पानावर टिक होती, हिरवीगार. पालखीच्या यादीत घराचा पत्ता नव्हता. एकच घर एका पानावर आहे आणि दुसऱ्या पानावर नाही. दुपारपर्यंत मी माझाच जुना कोड शिव्या देत वाचत बसले, आणि मग सापडलं.

ते समजावून सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डेटाबेसमधल्या ओळी प्रोग्रामला वापरता येतील अशा रूपात आणून देणारा एक मधला दलाल असतो. तो आळशी असतो. ही शिवी नाही, आमच्या धंद्यातलं त्याचं अधिकृत वर्णन आहे. घर मागितलं की तो घर आणतो, पण घराचा प्रमुख लगेच आणत नाही. उगाच कशाला फेरी मारा, कोणी नाव विचारलं तर बघू, असा त्याचा हिशेब. तोवर प्रमुखाच्या जागी तो एक तोतया उभा करतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. कॉलेजात दांडी मारलेल्या मित्राच्या नावाने कोणीतरी मागच्या बाकावरून 'येस सर' ओरडायचं, त्यालाही आम्ही प्रॉक्सीच म्हणायचो, आणि काम अगदी तेच आहे. प्रमुख आहे का, असं विचारलं की तोतया म्हणतो, आहे. नल नाही, रिकामी जागा नाही, कोणीतरी उभं आहे. माझं टिकचं पान एवढंच विचारून टिक देत होतं. पण पालखीच्या यादीला नाव छापायचं होतं. तिने तोतयाला विचारलं, तुझं नाव काय? तेव्हा कुठे तो उठून डेटाबेसमध्ये गेला, आणि तिथे ती ओळच नव्हती. वडिलांची नोंद पुसलेली होती. आईची कधी घातलीच नव्हती. घर एका नसलेल्या माणसाकडे बोट दाखवत होतं. प्रोग्रामने चूक नोंदवली आणि मंडळाच्या इच्छेप्रमाणे तेवढं घर गाळून पुढे गेला.

प्रमुख नुसता रिकामा असता तर टिक गेली असती आणि मला महिनाभर आधी कळलं असतं. रिकामं असेल तर रिकामं दिसावं, एवढीच माझी अपेक्षा होती. मी खुर्चीतून उठले, माठातलं पाणी प्यायले आणि स्वतःला सांगितलं की दादाच्या हातून चुकून झालं असणार. जुनी नोंद काढली, नवी घालायची राहिली. घाईत होतं असं. मला ते मनापासून खरं वाटलं.

हे सांगायलाच मी खाली त्याच्या घरी गेले. तो बागेत होता. वहिनी फणसाची भाजी चिरत बसली होती, हाताला तेल लावून. तिने मला बसायला पाट सरकवला आणि आपणहून म्हणाली, "मोठ्या आई रडल्या काय हो ताई? मी यांना तेव्हाच बोलले, नाव काढून टाकताय ते निदान ताईंना तरी सांगा."

"कधी?" मी विचारलं.

"वर्षश्राद्धानंतर नाय का. लोक मोठ्या आईंना काय बोलतील, त्यापेक्षा यंदा घर यादीतच नको, असं यांचं." मग माझा चेहरा बघून तिचा हात थांबला. "तुमाला ठाऊक नव्हतं?"

मी बागेत गेले. तो कलमाखाली घळ बांधत होता, आंबे उतरवायची लांब काठी असते तिच्या टोकाची जाळी. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्याने आधी 'मी हातच नाय लावला' म्हणून बघितलं. वहिनीने सांगितलं म्हटल्यावर खाली बसला.

"मी तिच्यासाठीच केलं," तो म्हणाला. "गावाला नसतं चाललं गो. पालखी टेकल्यावर ताट हातात घेऊन ती पुढं आली असती आणि कोण सगळ्यांदेखत बोल्लं असतं, तुमी मागं व्हा, तर? तुला झेपलं असतं? तिला झेपलं असतं?"

"मग मला का नाही सांगितलंस? मी विचारलं तेव्हा झालं म्हणालास."

"तू भांडत बसली असतीस गावाशी."

हे खरं होतं. मी भांडले असते. आणि आईच्या डोळ्यांसमोर कोणी तिला मागे हो म्हणालं असतं, हे चित्र मला दिसलंही. माझा राग तिथे अर्धा झाला, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "मोठ्या आईला यातलं काय बोलू नको. मशीनची चूक झाली असंच राहू दे. तुझ्यावर ती किती दिवस रागावेल? गावावर रागावली तर तिला ऱ्हायचं हितंच हाय."

माझ्या हातून झालेली नाही अशी चूक त्याने माझ्या पदरात घातली होती आणि आता ती मी पदरातच ठेवावी असं सांगत होता. आणि मला त्याचं पटत होतं, हे सगळ्यात वाईट. लहानपणापासून त्याचं मला पटत आलं आहे.

पण गावाशी भांडायचं काही सुटेना. मी मानकऱ्यांकडे गेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. वय झालंय, गुडघे गेलेत, त्यामुळे ते पालखीबरोबर पाखाडी चढत नाहीत; पुढच्या घरी आधीच रिक्षाने जाऊन बसतात. त्या दिवशीही ते दादाच्या खळ्यात आधीच बसलेले होते. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. देवी बाई आहे, तुमच्या घरातल्या बायका कुठल्या काळात राहतात, वगैरे. आबांनी ते अर्धं ऐकून घेतलं आणि हात वर केला.

"बाय, तू कोनावर ओरडतंस? तुझ्या आयला मी कवा नको बोल्लो? गावातल्या किती रांडवल्या बायका ओटी भरतात, देवीनं कोनाचा नारळ परत केला नाय. माला तर तुझा भाव बोल्ला, मोठ्या आईलाच यंदा पालखी नको हाय, तिचं मन नाय. मी बोल्लो, बरं. बळजबरी थोडीच हाय."

मी विचारलं, "मंडळात कोणी विषय तरी काढला होता का?"

"कोनी नाय," आबा म्हणाले. "कोनी इचारलंच नाय कोनाला."

म्हणजे गाव आडवा आलाच नव्हता. दादाने गावाला विचारलंच नव्हतं. त्याने गावाच्या वतीने आईला नको म्हटलं आणि आईच्या वतीने गावाला नको म्हटलं, मला झालं म्हटलं, आईला मशीन म्हटलं, आणि आपल्या बायकोला वेगळंच काहीतरी. प्रत्येकाला एकेक उत्तर, आणि त्या उत्तरांमागे कोणीच उभं नाही. त्याला खरंच लोकांची भीती वाटली, की पालखी एकदा तरी आधी आपल्या खळ्यात टेकावी असं वाटलं, हे मला आजही ठाऊक नाही. त्याला तरी ठाऊक आहे का, मला शंका आहे. आबा म्हणाले, गेल्या वाटेनं पालखी मागं फिरत नाय, पन शेवटच्या दिवशी सहाणेवर आन आयला, मी गाऱ्हानं घालतो. मी त्यांच्या पाया पडले. मी सहसा कोणाच्या पाया पडत नाही.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, आईला सगळं सांगायचं. अथपासून इतिपर्यंत, तिच्या लाडक्या मुलासकट. पण पाखाडी उतरून मी येईपर्यंत आबांचा दादाला फोन माझ्याआधी पोचला होता. दादा आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होता आणि आई त्याला तव्यावरचे गरम घावणे वाढत होती. पालखी पुढे गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"ऐकलंस काय," ती मला म्हणाली, "दादा आबांशी बोल्ला. शेवटच्या दिवशी सहाणेवर ओटी भरायची. माझ्या हातानं. आबा हो बोलले."

मी दादाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, घावण्याचा तुकडा चटणीत बुडवला आणि म्हणाला, "तेवढं तरी करायलाच हवं ना मी." मी उभी होते. सांगायचं सगळं ओठांवर होतं. आईने खण कपाटातून काढून त्याला दाखवला, हिरवा बरा ना, की जांभळा घ्यायला हवा होता? तो म्हणाला, हिरवाच. आणि मला कळलं की आत्ता बोलले तर तिची ओटी जाईल आणि मुलगाही जाईल. मी पडवीत आले आणि लॅपटॉप उघडला. टिक देण्याआधी आत जाऊन नाव वाचून यायचं, अशी सुधारणा केली. एखाद्या घराचा प्रमुख म्हणून ज्याचं नाव आहे त्याची नोंद कोणालाही पुसता येणार नाही, असं डेटाबेसलाच बजावलं. ते करायला मला अर्धा तासही लागला नाही. मग आईचं नाव मी माझ्या हाताने घातलं आणि दादाचा पासवर्ड बंद केला. तो अजून मधूनमधून विचारतो, पासवर्ड का चालत नाय गो. मी बघते म्हणते.

शेवटच्या दिवशी सहाणेवर ही गर्दी. आई नवी साडी नेसली होती, वडील गेल्यावरची पहिली. ताट मी धरलं. आबांनी विचारलं, "कोनाच्या नावानं घालू?" मी तोंड उघडायच्या आत मागून दादाचा आवाज आला, "मोठ्या आईच्याच नावानं, आबा." लोकांनी वळून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. आबांनी आईचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं, तिच्या घराची, तिच्या पोरीची राखण कर, तिच्या मनात जे असेल ते पुरं कर म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठा आवाज दादाचा होता. तो आवाज मला अंधारातही ओळखता येतो, आणि त्यावर माझा आता काडीचाही विश्वास नाही.

आईने ओटी भरली. पालखीत वाकून ती बराच वेळ काहीतरी बोलली. मागच्या बायका खोळंबल्या तरी आबांनी तिला उठवलं नाही. ती बाजूला आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा इतका मोकळा होता की मला तिच्याकडे बघवेना. दादा तिच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

घरी जाताना पायऱ्यांवर तिने माझा दंड धरला. गुडघे दुखतात तिचे, उतरताना.

"दादा होता म्हणून झालं गो," ती म्हणाली. "तुझ्या त्या मशीनवर भरवसा ठेवून बसले असते तर राहिलंच होतं माझं."

"हो," मी म्हटलं. आणि तिला ते खरं वाटलं.